गाडीतला दोष

प्रिय सूनबाई,

अजून हाच शब्द लिहितो आहे. तुला नको असेल तर खोडून टाक, पण पुढचं वाच. गाडीचा दोष सापडला आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण माझं बोलणं तुला माहीत आहे, मी मुद्द्यावर येईपर्यंत समोरच्याचा चहा निवतो. जन्मभर पंपहाउसात काम केलं. तिथे पाळी संपली की पुढच्या माणसाला सगळं क्रमाने सांगायचं असतं, कुठला पंप चालू होता, आवाज कधी बदलला, मग काय केलं. मधलं काही गाळलं की पुढचा फसतो. म्हणून तुला माहीत असलेलंही मी इथे पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी ओळ सोडू नकोस.

घरी बरं आहे, म्हणजे नवीन वाईट काही नाही. तुझ्या सासूबाईंचे गुडघे जिन्याशी भांडतात, त्यामुळे आम्ही दोघं आता खालच्याच खोलीत असतो. "पाणी आलं का", "दूध बघा", "दार लावलंत का", एवढ्यावर दोन माणसांचा दिवस निघतो हे मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. जेवताना ही अजूनही चार ताटल्या घेते आणि दोन परत ठेवते. ठेवताना भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून जपते, आणि तो आवाज न होणंच मला ऐकू येतं. शेजारची शिक्षिका तुझी चौकशी करते. तुझ्या भावाचा मध्ये फोन आला होता, तू पुन्हा औषधाच्या दुकानात कामाला लागलीस हे त्याच्याकडूनच कळलं. गाडीत मात्र बसत नाहीस म्हणाला, पाऊण तास चालत जातेस. ते ऐकून मी फोन ठेवला.

टिल्लूने ती गाडी आणली तेव्हा तू अजून आमच्या घरी आली नव्हतीस. टेम्पोवर लादून आणली होती. वयाने माझ्याहून थोडीच लहान. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि तळाच्या पत्र्यातून जमीन दिसत होती. ही म्हणाली होती, लोक सून आणतात, आमच्या चिरंजिवांनी आजी आणली. सहा फुटांचा गडी, नाव टिल्लू. लहानपणी आडवा मोजला तरी तेवढाच भरायचा म्हणून पडलेलं ते नाव उंची वाढली तरी सुटलं नाही. तो गाडीखाली पाय बाहेर काढून पडलेला असायचा आणि मी कामावरून आलो की आधी त्या पायांशी बोलायचो. तू आलीस आणि म्हणालीस, मला सवत आहे हे कुणी आधी सांगितलं नाही, आता निदान तिचं तोंड तरी मला रंगवू द्या. दारं तू घासलीस. शेवाळी रंग तू निवडलास. गाडी पहिल्यांदा आपल्या पायांवर अंगणाबाहेर गेली तेव्हा हीसुद्धा हसली होती, आणि हिचं हसणं म्हणजे आमच्याकडे पाहुणाच.

मग तो रविवार. ऊन मरणाचं होतं. तुम्ही गाडी पहिल्यांदाच एवढी लांब नेली होती. परत येताना, चढ लागायच्या आधी रस्त्याला झाडांची रांग आहे, तिथल्या वळणापाशी तू थांबायला सांगितलंस. कशाला, ते मी लिहीत नाही. माणसाला असते तशी साधी गरज होती, आणि मागे मैलोन्‌मैल कुठे सोय नव्हती. तू परत आलीस तेव्हा गाडी चालू होईना. स्टार्टर जोरात फिरत होता, पण इंजिन पेट घेत नव्हतं. हे तू पोलिसांना सांगितलंस तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर होतो. टिल्लूने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बंद केलं. गाडी वळणावर उभी आहे, पुढे सावलीत नेऊ, म्हणाला. तू स्टिअरिंगवर बसलीस आणि तो मागून ढकलायला लागला. ट्रकवाल्याला वळणावर उशिरा दिसलं. एवढंच लिहितो. तुला आरशात काय दिसलं ते तू कुणालाच सांगितलं नाहीस, आणि मी कधी विचारणार नाही.

गाडी ओढून घरी आणली ती चौकातल्या मिस्त्रीने, तोच तो, चष्म्याला दोरा बांधणारा. टिल्लू सुटे भाग त्याच्याकडूनच आणायचा. अंगणात गाडीची दोरी सोडता सोडता तो म्हणाला, "या जातीच्या गाड्यांचं हेच दुखणं. तापल्यावर उभी केली की पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, मग पंप ओढत नाही. चालती ठेवली की काही होत नाही. थांबायलाच नको होतं." तो कुणाला उद्देशून बोलला नव्हता. माणूस मेल्यावर लोक काहीतरी बोलतात, तसं बोलला. पण ही दारात उभी होती. ते वाक्य हिने उचललं आणि जपून ठेवलं.

नंतरचं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. मी कागदांसाठी पोलिसांकडे गेलो होतो. तुझ्या गळ्याला अजून पट्टा होता. घरात माणसं बसली होती, आणि त्यांच्या देखत ही तुला म्हणाली, "तुला जरा दम धरवला नाही. तू थांबवलं नसतंस तर माझा पोरगा आज इथे बसला असता." हे शिक्षिकेने मला सांगितलं. मी घरी पोचलो तेव्हा तुझा भाऊ तुझी बॅग खाली आणत होता. तू मला "येते" म्हणालीस. "जाते" म्हणाली नाहीस, आपल्याकडे कुणीच म्हणत नाही, हे मला कळत होतं. तरी त्या एका शब्दावर मी पुष्कळ दिवस काढले.

गाडी अंगणात पडून राहिली. मागची बाजू चेपून सीटला टेकली होती, पुढची जशीच्या तशी. ही अंगणात जायची बंद झाली, कपडे आतच वाळत घालायला लागली. शेवटी तिनेच भंगारवाल्याला बोलावलं. तो पत्रा कापायचं यंत्र घेऊन आला आणि मी त्याला परत पाठवलं. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, आणि त्यावरून हिने माझ्याशी अबोला धरला. आता सांगता येतं. पंप बंद पडला तर का बंद पडला हे कळल्याशिवाय मी कधी घरी गेलो नाही, आणि इथे माझा मुलगा गेला होता, सून घर सोडून गेली होती, आणि कारण म्हणून माझ्याजवळ काय होतं, तर एकाने दोरी सोडता सोडता टाकलेलं वाक्य. त्या गाडीचं बॉनेट त्या दिवसानंतर कुणी उघडलंसुद्धा नव्हतं.

मिस्त्री आधी तयार होईना. म्हणाला, काका, मेलेल्या गाडीची नाडी कशाला बघता. मी रोज त्याच्या गॅरेजवर जाऊन बसायला लागलो. म्हाताऱ्या माणसाचं हे एक शस्त्र असतं, नुसतं बसून राहायचं. कंटाळून तो आला. पत्र्याचं काम करणाऱ्याने मागची चाकं मोकळी केली, चेपलेल्या टाकीच्या जागी दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या गाडीची टाकी बसवली. इंजिनाला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. जसं होतं तसंच हवं होतं. किल्ली फिरवली आणि ती पहिल्या झटक्यात चालू झाली.

गार असताना ती शहाण्या पोरीसारखी वागायची. अंगणात कितीही वेळ चालू ठेवा, बंद करा, पुन्हा चालू करा, काही तक्रार नाही. तापल्यावरचा रोग गार असताना सापडत नसतो, हे मिस्त्रीलाही माहीत होतं आणि मलाही. उन्हाळा येईपर्यंत थांबलो. मग कडक ऊन बघून दोघं तिला त्याच रस्त्याने घेऊन गेलो, तेवढंच अंतर, त्याच वेगाने, आणि त्याच झाडांपाशी, वळणाच्या जरा अलीकडे, रस्त्याच्या पार खाली उतरवून उभी केली. माणसाला उतरून परत यायला लागतो तेवढा वेळ गेला. मिस्त्रीने स्टार्टर मारला. तो फिरत राहिला आणि इंजिन मेल्यासारखं पडून राहिलं. सूनबाई, तू पोलिसांना सांगितलेला तोच आवाज तिथे बसून ऐकताना मला वाटलं की हे शोधायला नकोच होतं.

मिस्त्रीने फडकं भिजवून पेट्रोलच्या पंपावर आणि पाइपावर गुंडाळलं. बराच वेळ गेला, फडकं दोनदा पुन्हा भिजवलं, आणि गाडी चालू झाली. "बघा," तो म्हणाला, "वाफच. मी सांगितलं होतं." मला ते पटलं. पटणारच, मी पंपावरचा माणूस. पाणी गरम असलं की पंपाची ओढ सुटते हे मी कितीदा पाहिलं होतं. आणि पटलं याचा अर्थ तुला कळतोच आहे. वाफेचा रोग उभ्या गाडीला होतो. चालत्या गाडीत पेट्रोल वाहत राहतं, वारा लागतो. म्हणजे तुम्ही थांबला नसता तर गाडी बंद पडली नसती. घरी आलो आणि हिने माझं तोंड वाचलं. आमटीचं भांडं खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलले नव्हते." तिच्या बोलण्यात जिंकल्याचा सूर असता तर मला राग तरी आला असता. तसं काही नव्हतं. ती नुसती दमलेली होती.

खरं सांगतो, त्यानंतर मी तुला एक पत्र लिहायला बसलो होतो आणि लिहिलं नाही. काय लिहिणार होतो? पण एके दिवशी दाढी करताना मनात आलं, फडकं गुंडाळून आम्ही जेवढा वेळ बसलो तेवढ्या वेळात गाडीतलं सगळंच गार झालं होतं. नुसता पंप नाही. फडक्याने गुण आला की वेळाने, हे कळायला मार्ग नव्हता. आमचे जुने साहेब म्हणायचे, दोन गोष्टी एकदम बदलल्या की एकीचंही कळत नाही. मी चाळीस वर्षं ते वाक्य नवीन पोरांना ऐकवलं आणि स्वतःच्या वेळी विसरलो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, काका, आता पुरे करा. पण आला.

या वेळी झाडांपाशी गाडी रुसली तेव्हा मी त्याला काहीच गार करू दिलं नाही. आधी नुसतं बघायचं ठरवलं. त्याने कार्बोरेटरवरचं झाकण काढलं, वाकून आत बघत हाताने अ‍ॅक्सिलरेटर दिला, आणि पेट्रोलची बारीक धार आत उडाली. पुन्हा दिला, पुन्हा उडाली. पेट्रोल होतं. वाफ नव्हती. मिस्त्रीने चष्मा पुसला. मग एक प्लग काढला, वायरला लावून इंजिनाला टेकवला आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. भर उन्हात नीट दिसावं म्हणून आम्ही दोघांनी वर टॉवेल धरला होता. ठिणगी नव्हती. चारही वायरी पाहिल्या, एकीतही नव्हती. मग त्याने कॉइलला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. कॉइल म्हणजे ती डबीएवढी काळी वस्तू, जी बॅटरीच्या करंटची ठिणगी करते. आत केसासारख्या तारेचं वेटोळं असतं. तार कुठे तुटली असेल तर गार असताना टोकं एकमेकांना टेकून राहतात आणि काम चालतं, तापली की सुटतात. आम्ही बाटलीतलं पाणी फक्त त्या कॉइलवर ओतलं, दुसऱ्या कशावर थेंब पडू दिला नाही. ठिणगी आली, निळी, टॉवेलाखाली स्वच्छ दिसली. प्लग लावला आणि गाडी लगेच उठली. मिस्त्री बंपरवर बसला. म्हणाला, "त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं, काका. नुसता तोंडाने बोललो." हे त्याने तुला कळवायला सांगितलं आहे, म्हणून लिहिलं.

आता इथे मला एक गोष्ट गाळावीशी वाटते, पण गाळत नाही. ती कॉइल टिल्लूने बसवली होती. मिस्त्री त्याला नवी घे म्हणाला होता, पण याला गाडीच्या काळातलीच हवी होती. जुन्या बाजारात कुठल्याशा ढिगाऱ्यातून शोधून आणली आणि जेवायच्या टेबलावर ठेवून पुसत बसला होता. आपण सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं, हिनेही. मी त्याला दोष देत नाही. गार असताना तपासली तर ती कॉइल आजही चांगलीच दाखवते. तो काय, कुणीही फसला असता. पण हे घरी सांगायचं म्हणजे एका पारड्यातून काढून दुसऱ्या पारड्यात टाकायचं, आणि दुसऱ्या पारड्यात आपलाच पोरगा.

तरी हिला सांगितलं, जसं झालं तसं सगळं. हिने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "तरी थांबल्यावरच बंद पडली ना?" सूनबाई, तो प्रश्न बरोबर होता. हट्टाचा असला तरी बरोबर होता. उभ्या गाडीत इंजिनाची धग वर येते, कॉइल आणखी तापते. तुम्ही थांबलात म्हणून ती जास्त तापली आणि सुटली, असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर मिळायचा एकच मार्ग होता. जुनी कॉइल तशीच ठेवून त्या रस्त्याने जायचं, आणि कुठेही न थांबता घरापर्यंत यायचा प्रयत्न करायचा. मी तसं म्हटल्यावर ही म्हणाली, "मी येणार. तुम्ही तिच्या बाजूचे आहात."

गुडघ्यांमुळे हिला मागे बसता येत नाही, म्हणून ती पुढे बसली, तुझ्या जागेवर. मिस्त्री चालवत होता, मी मागे. हिने त्या गाडीत पूर्वी कधी पाय ठेवला नव्हता. दाराची मूठ घट्ट धरून बसली होती. परत फिरलो, ऊन वाढलं, गाडीत भट्टी झाली, खिडकीतून येणारा वारासुद्धा भाजत होता. हिला तहान लागली असणार, पाण्याची बाटली पायाशी होती, पण तिने हात लावला नाही. झाडांची रांग आली. हिला ती जागा माहीत नव्हती, पण तिला कळलं, कारण मिस्त्रीने श्वास रोखला. त्याने पाय ढिला केला नाही. वळण मागे पडलं. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा आम्ही त्या जागेच्या पुढे आलो होतो आणि गाडी चालत होती, आणि मला वाटलं, संपलं, ही अशीच घरापर्यंत जाणार.

चढ लागला. उजवीकडे कडा, डावीकडे कठडा, मध्ये दोन गाड्या जेमतेम जातील एवढा रस्ता. पहिल्या वळणाच्या वर इंजिन एकदा खोकलं. पुन्हा खोकलं. आणि मेलं. मिस्त्रीने ती मागे मागे घेत कशीबशी कठड्यालगतच्या रुंद जागेत आणून उभी केली. सगळं शांत झालं. तेवढ्यात ही म्हणाली, "मी काही बोलले नाही."

मिस्त्री म्हणाला, "नाही, काकू."

"मी थांब म्हटलं नाही."

"नाही."

"मी पाणीसुद्धा मागितलं नाही."

मी उतरलो, कारण गाडी रस्त्याला लागून होती आणि मागून येणाऱ्यांना दाखवायला कुणीतरी हवं होतं. लाल फडकं आम्ही आठवणीने घेतलं होतं. ते हातात धरून मी गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. ट्रक खालच्या वळणावरून यायचे, फडकं बघून हळू व्हायचे, हॉर्न देऊन पुढे जायचे. प्रत्येक ट्रकचा वारा अंगावर यायचा. मी टिल्लूच्या जागेवर उभा होतो हे मला पहिला ट्रक गेल्यावर कळलं. मागच्या काचेतून हिचं डोकं दिसत होतं. ते एकदाही वळलं नाही. मिस्त्रीने तिथल्या तिथे नवी कॉइल बसवली आणि आम्ही घरी आलो. आता ती गाडी कितीही तापली तरी पहिल्या झटक्यात उठते. याचा कुणाला काही उपयोग नाही.

म्हणजे एवढं नक्की झालं. त्या दिवशी तू गप्प बसली असतीस तरी गाडी बंद पडणारच होती. झाडांपाशी नाही तर चढावर. चढावर काय झालं असतं, तो वाचला असता की तुम्ही दोघंही गेला असता, हे मला माहीत नाही आणि मी त्याचा अंदाज करणार नाही. मला जे तपासता आलं तेच मी सांगतो. तू थांबायला सांगितलंस म्हणून ती गाडी बंद पडली नाही.

घरी आल्यावर ही अनेक दिवस बोलली नाही. पाण्याचं आणि दुधाचंसुद्धा नाही. एकदा भाजी चिरता चिरता सुरी थांबवून म्हणाली, "मग दोष कुणाचा?" मी म्हटलं, तारेचा. "तार कुणी बसवली?" मी म्हटलं, ते सोड. ती म्हणाली, "कसं सोडू? तिच्यावर ठेवला होता तेव्हा निदान माझ्या पोराच्या अंगावर नव्हता." आणि मग तिने तोंड पदरात घेतलं. तो गेला त्या दिवशी ती रडली नव्हती, तुला आठवत असेल. तिचे हुंदके मी पहिल्यांदाच ऐकले. मी सुरी उचलून उरलेली भाजी चिरली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. तिने तुला जे म्हटलं त्याची मी वकिली करत नाही. माणसाने स्वतःला वाचवायला दुसऱ्याला बुडवू नये, मग तो दुःखात का असेना. पण ती कशाला धरून तरंगत होती, ते मला त्या दिवशी कळलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. येत्या शनिवारी सकाळच्या बसने ती तुझ्याकडे यायला निघणार आहे. पत्ता तिने तुझ्या भावाकडून मागून घेतला, माझ्या नकळत. मला म्हणाली, "तुम्ही तिला कळवू नका. कळवलंत तर ती नको म्हणेल." मी हो म्हटलं, आणि आज हे लिहितो आहे, कारण तू नको म्हणशील याची तिला भीती वाटते आहे आणि तुला नको म्हणायचा हक्क आहे. अचानक दार वाजलं, समोर गुडघे धरून उभी असलेली म्हातारी दिसली, तर तू घरात घेशील, पाणी देशील, सगळं ठीक आहे म्हणशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तसं होऊ नये. तिला बोलायचं आहे ते ती धड बोलू शकेल असंही नाही. कदाचित तुझ्या तब्येतीचं विचारेल, भिंतीचा रंग बरा आहे म्हणेल आणि उठेल. तेवढ्यासाठी तू स्वतःला तयार करावंस असं मी सांगणार नाही. शनिवारी घरात राहायचं की नाही ते तू ठरव. राहिलीस तरी दार उघडलंच पाहिजे असं नाही. मी तिच्याबरोबर असेन, पण वर येणार नाही, खाली रस्त्यावर थांबेन. दार उघडलं नाही तर थोड्या वेळाने जिना चढून तिला घेऊन खाली येईन, आम्ही परतीची बस धरू, आणि त्याबद्दल या घरात तुझ्या नावाने कधी एक शब्द निघणार नाही. तेवढं मी बघून घेतो.

तुझाच,
बाबा